मॅट्रिजेल: वारेतल्या दिशादर्शक प्रथिनांच्या प्रयोगासाठी कितपत भरवशाचं?

वारेवर (प्लॅसेंटावर) काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये कॉर्निंग कंपनीच्या मॅट्रिजेल या जेलची एखादी बाटली असतेच. वारेच्या ट्रोफोब्लास्ट पेशी किती आक्रमक आहेत, म्हणजे ऊतीत किती शिरतात, हे मोजायला ते उत्तम आहे. पण त्या पेशी कोणत्या दिशेने जातात आणि कोणापासून लांब राहतात, हे तपासायचं असेल, म्हणजे स्लिट, नेट्रिन, सेमाफोरिन, इफ्रिन ही दिशादर्शक प्रथिनं आणि त्यांचे रिसेप्टर (पेशीवरची संदेश पकडणारी प्रथिनं) हा विषय असेल, तर मॅट्रिजेल ही कोरी पाटी नाही. ते स्वतःच प्रयोगात भाग घेतं. हे लक्षात न घेता काढलेले आलेख दिसायला सुबक असतात, पण त्यांचा अर्थ चुकीचा लागू शकतो.

आधी वस्तूची ओळख. एंगेलब्रेथ-होल्म-स्वॉर्म या नावाचा उंदरातला सार्कोमा ट्यूमर भरपूर बेसमेंट मेम्ब्रेन, म्हणजे पेशींखालचा प्रथिनांचा पातळ आधारथर, बनवतो. त्यातून काढलेला अर्क म्हणजे मॅट्रिजेल. हिंडा क्लाइनमन, जॉर्ज मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हे काम उभं केलं. साधारण ६० टक्के लॅमिनिन, ३० टक्के कोलॅजन-४, ८ टक्के एन्टॅक्टिन, शिवाय पर्लेकॅन हे हेपरन सल्फेटवालं प्रोटिओग्लायकॅन (साखरेच्या लांब साखळ्या जोडलेलं प्रथिन), आणि टीजीएफ-बीटा, ईजीएफ, आयजीएफ-१, पीडीजीएफ, बीएफजीएफ असे वाढ-घटक थोड्या थोड्या प्रमाणात. यातली पर्लेकॅन, लॅमिनिन आणि टीजीएफ-बीटा ही नावं लक्षात ठेवा. दिशादर्शक प्रथिनांच्या प्रयोगात घोळ होतो तो मुख्यतः या तिघांमुळे.

वारेच्या कामाला हा जेल मुळात का चालतो, याचं कारण शरीररचनेत आहे. गर्भधारणेनंतर गर्भाशयाच्या अस्तराचं डेसिड्युआ होतं, आणि त्यातल्या स्ट्रोमा पेशी आपल्याभोवती लॅमिनिन आणि कोलॅजन-४ यांचं आवरण विणतात. वारेला गर्भाशयाशी धरून ठेवणाऱ्या फांद्यांमधून, म्हणजे अँकरिंग व्हिलसमधून, निघालेल्या एक्स्ट्राव्हिलस ट्रोफोब्लास्ट पेशी याच आवरणातून वाट काढत आईच्या सर्पिल धमन्यांपर्यंत पोहोचतात आणि त्या रुंद करतात. ही वाटचाल उथळ राहिली की प्रिएक्लॅम्प्सिया (गरोदरपणातला उच्च रक्तदाबाचा आजार) आणि गर्भाची वाढ खुंटणं यांची भीती असते. त्यामुळे लॅमिनिन-कोलॅजनचा थर ओलांडायला लावणं ही चाचणी म्हणून योग्यच आहे. मर्यादा एवढीच, की मॅट्रिजेलमधलं लॅमिनिन-१११ हे प्रामुख्याने भ्रूणावस्थेतलं आहे, आणि तेही उंदराचं.

आता मुख्य मुद्दा, दिशादर्शक प्रथिनं. ही मज्जातंतूंना वाट दाखवणारी म्हणून आधी ओळखली गेली, पण वारेतही ती कामाला असतात. २००५ मध्ये दाखवलं गेलं की सायटोट्रोफोब्लास्ट (ट्रोफोब्लास्टचा मूळ प्रकार) पेशी गर्भाशयात शिरताना त्यांच्यावरचा एफ-बी४ हा इफ्रिनचा रिसेप्टर कमी होतो आणि इफ्रिन-बी१ वाढतं, आणि एफ-बी४ शी गाठ पडली की त्यांचा केमोकाइनला (पेशींना ओढून घेणाऱ्या प्रथिनांना) मिळणारा प्रतिसाद दबतो. एफ-बी४ हा शिरांच्या भिंतीवर असतो. या पेशी धमन्यांमध्ये खोलवर जातात आणि शिरांमध्ये मात्र फारशा का जात नाहीत, याचं एक पटण्यासारखं स्पष्टीकरण त्यातून मिळालं. २०१२ मध्ये मानवी वारेत स्लिट-२, स्लिट-३ आणि रोबो-१, रोबो-४ या रोबो गटातल्या रिसेप्टरांची नोंद झाली. प्रिएक्लॅम्प्सियाच्या वारेत रोबो-१ आणि रोबो-४ वाढलेले आढळले, आणि ऑक्सिजन कमी केला की या जनुकांची अभिव्यक्ती वाढते, हेही दिसलं. २०१३ मध्ये गंभीर प्रिएक्लॅम्प्सियाच्या सायटोट्रोफोब्लास्टमध्ये सेमाफोरिन-३बी वाढलेलं सापडलं, आणि तेच प्रथिन निरोगी पेशींना दिल्यावर त्यांची आक्रमकता घटली. ही सगळी रसायनं पेशींना नुसतं 'चाल' किंवा 'थांब' सांगत नाहीत, 'इकडे नको, तिकडे जा' असंही सांगतात. आपली चाचणी हा फरक पकडू शकते का, हे पाहायला हवं.

वापराच्या बाबतीत मॅट्रिजेल नाजूक आहे, आणि निम्मे प्रयोग इथेच बिघडतात. ते उणे २० अंशांवर ठेवायचं, पण बर्फ आपोआप वितळवणाऱ्या फ्रीजरमध्ये नाही. त्या फ्रीजरचं तापमान सतत वरखाली होतं आणि जेल खराब होतो. बाटली आदल्या रात्री ४ अंशांच्या फ्रीजमध्ये, बर्फाच्या डब्यात रुतवून ठेवायची. घाई करून हातात धरून किंवा वॉटर बाथमध्ये वितळवलं की कडेचा भाग आधी घट्ट होतो. साधारण १० अंशांच्या वर ते जमायला लागतं, २२ ते ३५ अंशांत तर फार झटकन. टिपा, ट्यूबा, बफर, इन्सर्टची (तळाला सच्छिद्र पडदा असलेल्या छोट्या कपांची) प्लेट, सगळं आधी गार करून घ्यायचं. पहिल्यांदा वितळलं की लगेच एकेका प्रयोगाला पुरेल एवढे आलिकॉट (छोटे वाटे) करून परत गोठवायचे. पुन्हा पुन्हा वितळवणं-गोठवणं टाळायचं. आलिकॉट वापरताना बोटाने टिचकी न मारता, हळूच फिरवून एकजीव करायचं. अर्धवट जमलेलं मॅट्रिजेल पिपेटने वरखाली करून पुन्हा पातळ करायचा प्रयत्न करू नये. मोडलेल्या दह्यासारख्या गुठळ्या राहतात आणि पेशी त्या गुठळ्यांमधल्या फटींतून खाली जातात. मग आक्रमकता खूप दिसते, पण मोजलेल्या असतात फटी.

आपल्याकडे उन्हाळ्यात पार्सल उघडल्यावर आधी ड्राय आइस शिल्लक आहे का ते बघावं. नसेल आणि बाटली हलवल्यावर आतला पदार्थ हलत असेल, तर सही करण्यापूर्वी पुरवठादाराला फोटो पाठवावा. एवढ्या महागड्या मालासाठी हा कंटाळा करू नये.

इन्सर्टच्या पडद्यावर लेप देताना 'एकास आठ' पातळ करा, असं बऱ्याच नोंदींत असतं. तसं करू नये. मॅट्रिजेलच्या लॉटनुसार (उत्पादनाच्या खेपेनुसार) प्रथिनाचं प्रमाण बदलतं, साधारण ८ ते १२ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. ८.२ चा लॉट आठपट पातळ केला तर सुमारे १.० मिळतं, ११.५ चा केला तर १.४. म्हणजे लॉट बदलला की थर ४० टक्क्यांनी जाड, आणि आक्रमकता अर्ध्यावर आली तर दोष बिचाऱ्या स्लिट-२ ला! बाटलीसोबत आलेल्या लॉटच्या दाखल्यावरचा आकडा घ्या आणि वजनाने हिशेब करा. आक्रमण चाचणीच्या पातळ लेपासाठी २०० ते ३०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर पुरतं. लॉट ९ मिलिग्रॅमचा असेल आणि २४ इन्सर्ट करायचे असतील, तर ९० मायक्रोलिटर मॅट्रिजेल आणि २.६१ मिलिलिटर थंड बफर (०.०१ मोलर ट्रिस, पीएच ८.०, ०.७ टक्के मीठ) घ्यायचं. २.७ मिलिलिटर होतात, म्हणजे थोडं शिल्लकही उरतं. ६.५ मिलिमीटरच्या, ८ मायक्रॉन छिद्रांच्या इन्सर्टमध्ये प्रत्येकी १०० मायक्रोलिटर मधोमध सोडायचं, बुडबुडा आला तर तो इन्सर्ट बाद. ३७ अंशांवर २ तास, मग वरचा द्रव हलकेच काढून टाकायचा. पडदा ३ ते ४ मिनिटांपेक्षा जास्त कोरडा राहता कामा नये, थर तडकतो. ज्यांना घट्ट, जाड, त्रिमितीय जेल हवा आहे त्यांच्यासाठी हे प्रमाण नाही. त्यांनी ३ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली जाऊ नये, नाहीतर जेल धरतच नाही.

पुढचं काम सरळ आहे. वरच्या कप्प्यात १०० ते २०० मायक्रोलिटर सीरमरहित मीडियात ५०,००० पेशी, खालच्या कप्प्यात ६०० मायक्रोलिटर. एचटीआर-८/एसव्हीनिओ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या ट्रोफोब्लास्ट लाइनच्या पेशींना २४ तास पुरतात. वरच्या बाजूच्या पेशी कापसाच्या काडीने पुसायच्या, कडेची खाच विसरायची नाही, खालच्या बाजूच्या मिथेनॉलने स्थिर करून क्रिस्टल व्हायोलेटने रंगवायच्या. मोजताना फक्त मधली दृश्यं घेतली तर फसगत होते, कारण लेप मेनिस्कसमुळे (द्रवाच्या वक्र पृष्ठभागामुळे) कडेला जाड आणि मध्ये पातळ बसतो. मध्य आणि कड दोन्हीकडची दृश्यं घ्या. सोबत बिनलेपाचे इन्सर्टही हवेतच, कारण आक्रमकता म्हणजे लेपातून गेलेल्या पेशी भागिले बिनलेपाच्या पडद्यातून गेलेल्या पेशी, गुणिले १००. बिनलेपाचे इन्सर्ट वगळले, तर आक्रमकता घटली की नुसती हालचाल, हे कळत नाही.

इथपर्यंत मॅट्रिजेलला चांगले गुण. आता खरी अडचण.

स्लिट आणि रोबो यांची जोडी जमायला हेपरन सल्फेट लागतं, स्लिट त्याला घट्ट चिकटतं. मॅट्रिजेलमध्ये पर्लेकॅनच्या रूपाने हेपरन सल्फेट आधीच भरलेलं आहे. म्हणजे खालच्या कप्प्यात तुम्ही २०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर स्लिट-२ टाकलंत, तर त्यातलं काही लेपातच अडकतं. पेशींना प्रत्यक्षात किती मिळालं हे ट्यूबवरच्या आकड्यावरून सांगता येत नाही. कधीकधी उलटही होतं: लेपात साठलेलं स्लिट पेशींच्या अगदी तळाशी बसतं आणि तिथली स्थानिक मात्रा द्रावातल्यापेक्षा जास्त असू शकते. ग्रेडियंट (वरच्या आणि खालच्या मात्रेतला उतार) गेला, आणि उरली स्लिटची गादी. यावर उपाय फार अवघड नाही. पेशींशिवाय लेप दिलेले काही इन्सर्ट घ्या, तेवढंच प्रथिन टाका, ४ आणि २४ तासांनी वरच्या आणि खालच्या द्रावातलं प्रमाण एलायझाने (अँटिबॉडीवर आधारित चाचणीने) मोजा, आणि बिनलेपाच्या इन्सर्टशी ताडून पाहा. प्रथिन प्लास्टिकलाही चिकटतं, म्हणून ०.१ टक्के बीएसए (गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन) सोबत ठेवा. हा आकडा हाती नसेल तर मात्रा-प्रतिसादाचा आलेख छापण्यात अर्थ नाही.

स्लिट-२ विकत घेतानाही बघावं लागतं. अख्खं प्रथिन सुमारे २०० किलोडाल्टनचं असतं, शरीरात ते कापलं जाऊन १४० किलोडाल्टनचा एन-टोकाचा तुकडा आणि ५५ ते ६० चा सी-टोकाचा तुकडा होतो. रोबोला बसतो तो एन-टोकाचा. सी-टोकाचा तुकडा प्लेक्सिन-ए१ ला बसतो, आणि प्लेक्सिन हे सेमाफोरिनचंही घर आहे. बाटलीवर फक्त 'स्लिट-२' लिहिलेलं असेल तर अमिनो आम्लांचा क्रमांक कुठून कुठपर्यंत आहे ते दाखल्यात वाचा.

नेट्रिन-४ ची गोष्ट तर याहून गंभीर. ते लॅमिनिनच्या गॅमा-१ साखळीला बसतं आणि लॅमिनिनचं जाळं उकलतं. हे २०१६ मध्ये रचनेच्या पातळीवर स्पष्ट झालं आहे. मॅट्रिजेलचा ६० टक्के भाग म्हणजे लॅमिनिन, आणि त्यात गॅमा-१ आहेच. म्हणजे तुम्ही नेट्रिन-४ घातलंत आणि पेशी जास्त संख्येने खाली आल्या, तर ती पेशींना मिळालेली सूचना आहे की लेपच सैल पडला, हे या चाचणीतून सांगताच येत नाही. नेट्रिन-४ साठी मॅट्रिजेल वापरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कोलॅजन-१ चा लेप किंवा पेप्टाइड जोडलेला कृत्रिम पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) जेल घ्यावा.

इफ्रिन आणि एफ यांच्यासाठीही हा इन्सर्ट चुकीचा, पण कारण वेगळं. दोघंही पेशीच्या पडद्यावर बसलेले असतात, पेशीला पेशी भिडली तरच बोलतात. सुटं, द्रावात विरघळलेलं इफ्रिन घातलं तर अनेकदा रिसेप्टर नुसता अडवला जातो, चालू होत नाही. एफसी (अँटिबॉडीचा शेपटाकडचा भाग) जोडलेलं इफ्रिन आधी अँटी-एफसी अँटिबॉडीने घोळक्यात बांधून घ्यावं लागतं, आणि दिशेचा प्रश्न असेल तर काचेवर त्याचे पट्टे काढून पेशी कोणत्या पट्ट्यावर थांबतात ते पाहावं लागतं. त्या कामाला मॅट्रिजेल लागतच नाही.

सेमाफोरिन-३ च्या बाबतीत मॅट्रिजेल चालतं, पण सीरम सांभाळा. सेमाफोरिन-३ न्यूरोपिलिन या रिसेप्टरला बसतं आणि प्लेक्सिन सोबत घेऊन संदेश देतं. न्यूरोपिलिन-१ ला व्हीईजीएफ-ए१६५ हा रक्तवाहिन्यांचा वाढ-घटकही बसतो. खालच्या कप्प्यात आकर्षणासाठी १० टक्के सीरम ठेवण्याची सवय असते, पण सीरममध्ये नेमके कोणते वाढ-घटक किती आहेत हे कुणालाच ठाऊक नसतं. सेमाफोरिनचा परिणाम मोजायचा असेल तर सीरम काढा किंवा दोन्ही कप्प्यांत सारखं, आणि तेही १ टक्क्याच्या आत ठेवा.

आता टीजीएफ-बीटा. ट्रोफोब्लास्टची आक्रमकता टीजीएफ-बीटाने दबते, हे १९९० च्या दशकापासून ठाऊक आहे. 'ग्रोथ फॅक्टर रिड्यूस्ड' मॅट्रिजेल घ्या, हा सल्ला बरोबर आहे, आणि या विषयासाठी दुसरं घेऊच नये. पण 'रिड्यूस्ड' म्हणजे 'शून्य' नव्हे. टीजीएफ-बीटा कोलॅजन-४ ला धरून राहतो आणि शुद्धीकरणानंतरही काही उरतो. दोन लॉटमध्ये आक्रमकतेचा पायाच वेगळा दिसला तर हे पहिलं कारण तपासावं.

चाचणी दिशेची की नुसत्या हालचालीची, हे ठरवायला १९७३ पासून चालत आलेली चेकरबोर्ड पद्धत अजूनही सर्वांत उपयोगी आहे. प्रथिन फक्त खाली, फक्त वर, दोन्हीकडे सारखं, आणि कुठेच नाही, असे चार गट. फक्त वर ठेवल्याने पेशी जास्त खाली गेल्या आणि फक्त खाली ठेवल्याने कमी गेल्या, तर ते दूर ढकलणं. तिन्ही गटांत सारखीच घट झाली तर पेशी मंदावल्या आहेत, दिशा वगैरे काही नाही. छापलेल्या कामांमध्ये बऱ्याचदा 'फक्त खाली' आणि 'कुठेच नाही' हे दोनच गट असतात आणि निष्कर्षात 'रिपल्शन' लिहिलेलं असतं. दोन गटांवरून तसं म्हणता येत नाही. शिवाय इन्सर्टमधला ग्रेडियंट काही तासच टिकतो, २४ तासांनंतर तो बराच सपाट झालेला असतो. ६ आणि १२ तासांची मोजणीही ठेवा.

आणि शेवटची खात्री म्हणजे रिसेप्टर काढून टाकणं. रोबो-१ दाबलेल्या पेशींमध्येही स्लिटचा परिणाम तसाच राहिला, तर तो परिणाम जेलचा, दुसऱ्या रिसेप्टरचा किंवा प्रथिनाच्या अशुद्धीचा आहे. द्रावात रोबो-१-एफसी घालून स्लिट शोषून घेणं हा दुसरा, स्वस्त मार्ग. पेशींची वाढही वेगळी मोजावी, कारण एचटीआर-८/एसव्हीनिओ एका दिवसाच्या आसपास दुप्पट होतात आणि खाली जास्त पेशी दिसणं म्हणजे जास्त आक्रमण असं नसतं.

पेशींबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एचटीआर-८/एसव्हीनिओ ही १९९३ ची, पहिल्या तिमाहीच्या वारेपासून एसव्ही-४० या विषाणूचा लार्ज-टी अँटिजेन घालून बनवलेली लाइन. पेरायला सोपी, म्हणून सगळीकडे. पण त्यात स्ट्रोमासारख्या पेशींची मिसळ असल्याचं दाखवलं गेलं आहे, आणि खऱ्या ट्रोफोब्लास्टच्या ओळखीच्या कसोट्यांवर, म्हणजे एचएलएचा नमुना, ईएलएफ५ च्या प्रमोटरचं मिथिलेशन, सी१९एमसी मायक्रोआरएनए, ती पुरेशी उतरत नाही. सरावाला आणि मात्रा ठरवायला ती घ्या, मुख्य निष्कर्ष तिच्यावर उभा करू नका.

२०१८ मध्ये जपानच्या तोहोकू विद्यापीठातून आलेल्या मानवी ट्रोफोब्लास्ट स्टेम सेलचा मार्ग खूपच चांगला आहे, आणि तिथे मॅट्रिजेलची भूमिका निराळी आहे. ते थर म्हणून नाही, मीडियात मिसळून वापरतात. ६ खान्यांच्या प्लेटवर कोलॅजन-४ चा १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरचा लेप, प्रत्येक खान्यात ७५,००० पेशी, २ मिलिलिटर मीडियात १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर एनआरजी-१ (न्यूरेग्युलिन-१ हा वाढ-घटक), ७.५ मायक्रोमोलर ए८३-०१, २.५ मायक्रोमोलर वाय-२७६३२ (रॉक एन्झाइम अडवणारा रेणू), ४ टक्के केएसआर (सीरमचा पर्याय). पेशी मीडियात सोडल्यावर लगेच मॅट्रिजेल २ टक्के, म्हणजे ४० मायक्रोलिटर. तिसऱ्या दिवशी एनआरजी-१ काढायचं आणि मॅट्रिजेल ०.५ टक्क्यावर आणायचं. सहाव्या दिवशी पेशी नव्या प्लेटवर, केएसआरही बंद. आठव्या दिवशी एचएलए-जी (या पेशींची खूण असलेलं प्रथिन) दाखवणाऱ्या, लांबट एक्स्ट्राव्हिलस पेशी तयार. ए८३-०१ हा टीजीएफ-बीटाचा मार्ग बंद करणारा रेणू आहे, हे ध्यानात घ्या. अशा पेशींना मग इन्सर्टमध्ये घालायचं तर ए८३-०१ सुरू ठेवायचा की काढायचा हे आधी ठरवा आणि सगळ्या गटांत एकच ठेवा.

ऑक्सिजनही तितकाच महत्त्वाचा. साधारण १० ते १२ आठवड्यांपूर्वी वारेभोवतीचा ऑक्सिजन २० मिलिमीटर पाऱ्याच्या आत असतो, म्हणजे इन्क्युबेटरच्या भाषेत २ ते ३ टक्के. हवेतल्या २० टक्क्यांत केलेला प्रयोग स्लिट-रोबोच्या बाबतीत पहिल्या तिमाहीचा म्हणता येत नाही, कारण ही जनुकंच ऑक्सिजन पाहून बदलतात.

विश्लेषणाच्या टप्प्यावर दोन सूचना. जेलमधून काढलेल्या पेशींचं मास स्पेक्ट्रोमेट्री करणार असाल तर उंदराचं लॅमिनिन आणि कोलॅजन सगळीकडे डोकावतं. थंड पीबीएसने वारंवार धुवा आणि शोध मानवी आणि उंदराच्या दोन्ही डेटाबेसवर लावा. इम्युनोस्टेनिंगमध्ये उंदराची प्राथमिक अँटिबॉडी वापरली तर ट्यूमरबरोबर आलेल्या उंदराच्या इम्युनोग्लोब्युलिनमुळे मागचं पटल उजळतं. रोबो-१ किंवा न्यूरोपिलिनसाठी सशाची किंवा शेळीची अँटिबॉडी घ्या.

खरेदी करताना एलडीईव्ही-मुक्त (उंदरातला एक विषाणू नसलेला), ग्रोथ फॅक्टर रिड्यूस्ड आणि शक्यतो फिनॉल रेड नसलेला प्रकार मागवा. रंग असलेला फ्लुरोसन्सच्या मोजणीत आड येतो. पुरवठादाराला दोन-तीन लॉटचे नमुने मागा, आपल्याच पेशींवर बिनप्रथिनाची आक्रमकता तपासा, आणि पसंत पडलेल्या लॉटच्या बाटल्या संपूर्ण प्रकल्पाला पुरतील एवढ्या एकदम राखून ठेवायला सांगा. मध्येच लॉट बदलावाच लागला तर जुन्या आणि नव्या लॉटचे इन्सर्ट एकाच दिवशी, एकाच पॅसेजच्या पेशींवर समोरासमोर चालवा आणि त्या दिवसाचे आकडे वहीत लॉट क्रमांकासह लिहा.